मांजराला स्टिरॉइड चालू आहे? साखर घरीच तपासायला शिका

मांजराला स्टिरॉइडची गोळी लिहून देताना डॉक्टर जाता जाता एक वाक्य टाकतात: "साखरेवर लक्ष ठेवा." ते कशाने ठेवायचं, कधी मोजायचं, किती आली तर घाबरायचं, हे विचारायचं सुचेपर्यंत पुढचा पेशंट टेबलावर आलेला असतो. आमच्या ढब्याला तोंडाच्या आतल्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, पुढे साखर वाढली, काही काळ इन्सुलिन लागलं आणि स्टिरॉइड उतरलं तसं इन्सुलिनही सुटलं. त्या सगळ्या काळात साखर आम्ही जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातच तपासली. जाऊबाई धरायच्या, मी टोचायचे. ज्यांच्या घरी हे आत्ता सुरू होतंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

स्टिरॉइडने साखर का वाढते ते थोडक्यात. हे औषध यकृताला जास्त साखर तयार करायला लावतं आणि त्याच वेळी स्नायू व चरबी इन्सुलिनला नीट दाद देईनाशी होतात. बऱ्याच मांजरांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं. वजनदार, वयस्कर आणि त्यातही ऑपरेशन केलेल्या बोक्यांना ते जड जातं. आमचा ढब्या या तिन्ही यादीत बसतो. दिलासा एवढाच की स्टिरॉइडमुळे आलेला मधुमेह मांजरात कायमचा राहीलच असं नाही. वेळेत सापडला आणि साखर आटोक्यात ठेवली तर तो परतूही शकतो.

१. गोळी सुरू होण्याआधी हे हातात घ्या

गोळी सुरू करण्याआधीची साखर मोजून घ्या. ही एक गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. नंतर आकडा १८० आला की तो औषधाचा की मुळातलाच, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक फाइल करा आणि तिच्यात एवढं ठेवा:

- औषधाची चिठ्ठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो (नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा)
- रक्ताचे रिपोर्ट: साखर, किडनी, लिव्हर
- त्या दिवशीचं वजन
- याआधी दिलेल्या इंजेक्शनांची माहिती. महत्त्वाचं आहे, कारण लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे अंगात काम करत राहतं. दुसऱ्या डॉक्टरांनी खाज थांबावी म्हणून ते दिलेलं असेल आणि आता वर गोळ्या सुरू झाल्या, तर दोन्हींचा परिणाम साखरेवर होतो.
- रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर

डॉक्टरांना सरळ विचारा: "किती साखर आली तर त्याच दिवशी फोन करू, आणि किती खाली गेली तर लगेच निघू?" दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. प्रत्येक मांजराचे वेगळे असतात. आणि किती दिवसांनी तपासायचं तेही तेव्हाच ठरवून घ्या. नुसतं स्टिरॉइड चालू असलेल्या मांजराला रोज टोचायची गरज सहसा नसते. इन्सुलिन सुरू झालं की मात्र हिशेब बदलतो.

रक्त लॅबला जाणार असेल तर साखरेसाठी राखाडी बुचाची बाटली आहे ना, हे बघा. आपल्याकडे मांजराचं रक्त बहुतेक वेळा माणसांच्याच लॅबमध्ये जातं. साध्या बाटलीत रक्त तास-दोन तास पडून राहिलं तर रक्तातल्या पेशी साखर खाऊन टाकतात आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. राखाडी बुचाच्या बाटलीत ते थांबवणारं रसायन असतं.

गोळीच्या बाबतीत आणखी एक. मेडिकलवाला "ही नाही, पण स्टिरॉइडच आहे, चालतंय" म्हणून दुसरी देऊ लागला तर घेऊ नका. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोन, आणि डेक्सामेथासोन तर पाऊण मिलिग्रॅमच तेवढं काम करतं. प्रेडनिसोन हे नावाने जवळचं वाटतं, पण मांजराच्या अंगात त्याचं प्रेडनिसोलोन नीट होत नाही. चिठ्ठीवर जे आहे तेच आणा.

२. सामान

- ग्लुकोमीटर, म्हणजे घरोघरी असतं तेच शुगरचं मशीन
- त्याच मॉडेलच्या स्ट्रिप
- लॅन्सेट, म्हणजे टोचायच्या सुया
- कापूस किंवा घडी घातलेला टिश्यू पेपर
- व्हॅसलीन
- छोटा टॉर्च (मोबाइलचा चालतो)
- जुना सुती सॉक्स आणि मूठभर ज्वारी
- उकडलेल्या चिकनचे तुकडे
- वही

मशीन घेताना रक्ताचा थेंब किती लागतो ते बघा. काही मशीनना ०.६ मायक्रोलिटर पुरतं, काहींना १ किंवा जास्त. मांजराच्या कानातून येणारा थेंब मोहरीपेक्षाही लहान असतो, त्यामुळे हा फरक फार मोठा. घरात सासऱ्यांचं जुनं मशीन पडलंय म्हणून तेच वापरायचा मोह होतो. त्याला मोठा थेंब लागत असेल तर त्याच्या मागे लागू नका. मशीन स्वस्तच असतं, खर्च स्ट्रिपचा. आधी स्ट्रिपचा भाव विचारा आणि मग मशीन ठरवा.

माणसांचं मशीन मांजराची साखर बहुधा खरीपेक्षा कमी दाखवतं. माणसाच्या रक्तात साखर रक्तद्रव आणि तांबड्या पेशी अशा दोन्हींत वाटलेली असते. मांजरात ती जवळजवळ सगळी रक्तद्रवातच असते, आणि मशीनचं गणित माणसाच्या रक्तावर बांधलेलं आहे. खास प्राण्यांसाठीची मशीन ऑनलाइन मिळतात, पण स्ट्रिप महाग आणि संपल्या की सोलापुरात पटकन मिळतीलच असं नाही. माझं मत विचाराल तर चालू स्थितीतलं माणसांचं चांगलं मशीन पुरतं, अट एकच: पहिल्या महिन्यात एकदा ते दवाखान्यात न्या. डॉक्टर रक्त काढतील त्याच सिरिंजमधला एक थेंब आपल्या स्ट्रिपवर घ्या आणि लॅबच्या आकड्याशी ताडून बघा. आपलं मशीन किती खाली वाचतं याचा अंदाज येतो. प्राण्यांचं मशीन घेतलंत तर त्यात मांजराचा कोड टाकला आहे ना ते तपासा, कुत्र्याचा वेगळा असतो. आणि उपचार चालू असताना मध्येच मशीन बदलू नका, मागचे आकडे पुढच्यांशी जुळत नाहीत.

लॅन्सेटच्या बाबतीत: सुरुवातीला जरा जाड सुई घ्या, २६ किंवा २८ गेजची. ३० गेजची बारीक सुई दयाळू वाटते खरी, पण नवख्या हाताला तिने थेंबच येत नाही आणि मग तीनदा टोचावं लागतं. हात बसला, कानाला सवय झाली की बारीक सुईवर या. मशीनबरोबर येणारं स्प्रिंगचं पेन मी पहिल्याच दिवशी खणात टाकलं. त्याचा 'खट्' आवाज कानाजवळ झाला की मांजर पुन्हा कान हाती देत नाही. सुई हातात धरूनच टोचा.

३. आधी काही दिवस नुसतं बसा

हा टप्पा गाळू नका. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मांजराला घेऊन बसायचं. कानाची कड दोन बोटांत धरायची, हलकं चोळायचं, चिकनचा तुकडा द्यायचा, सोडायचं. सुई नाही, मशीन नाही. मग दोन-तीन दिवस कानाला गरम सॉक्स लावायचा आणि तुकडा द्यायचा. मग मशीनचा 'पीप' आवाज ऐकवायचा आणि तुकडा द्यायचा. ढब्या शेवटी शेवटी मशीनचा डबा उघडला की स्वतःहून चटईवर येऊन बसायचा, चिकनसाठी.

जागा उजेडाची असावी. घरातली मुलं, कुकरच्या शिट्ट्या, दारावरचा भाजीवाला, हे सगळं जिथून लांब असेल ती. मांजर घाबरलं की त्याची साखर खरोखरच चढते, आणि थोडीथोडकी नाही. दवाखान्यात २५०–३०० आलेला आकडा घरी शांत बसल्यावर १३० येऊ शकतो. घरी तपासायचं मुख्य कारण तेच आहे. धरून, दाबून, टॉवेलात आवळून घेतलेलं रिडिंग दवाखान्यातल्यासारखंच फुगलेलं येणार. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाची रात्र असते, त्या रात्री तर मशीन हातात घेऊच नका. घ्यावंच लागलं तर वहीत तसं लिहा.

४. कान टोचणं

पंजाच्या गादीतूनही रक्त घेता येतं, पण कान बरा. गादीला जास्त दुखतं, शिवाय मांजर त्याच पंजाने लिटर उकरतं.

*कान गरम करा.* थंड कानातून रक्त येत नाही. डिसेंबरातल्या सकाळी तर अजिबात नाही. सॉक्समध्ये ज्वारी भरून गाठ मारा आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर किंचित फिरवून गरम करा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, उबदार वाटला पाहिजे, चटका नाही. कानाला अर्धा-एक मिनिट लावून ठेवा. कान गुलाबी दिसायला लागला की झालं. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानेही काम होतं, फक्त नंतर कान पूर्ण कोरडा करा. ओल्या कानावर थेंब पसरतो आणि पाण्याने आकडाही चुकतो.

*स्पिरिट लावू नका.* वासाने मांजर पळतं, आणि स्पिरिट वाळलेलं नसेल तर रिडिंग बिघडतं. कान मळका असेल तर कोमट पाण्याने पुसून कोरडा केला तरी पुरे.

*जागा शोधा.* कानाच्या मागून टॉर्च धरा. बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाताना दिसते. टोचायचं शिरेत नाही, तर शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या अरुंद पट्टीत. पांढऱ्या-केशरी मांजराला हे सोपं, काळ्या मांजराच्या बाबतीत अंदाजानेच जावं लागतं. त्या जागी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. त्याने रक्त केसांत न पसरता गोल थेंब होऊन उभं राहतं. जाड थर दिलात तर व्हॅसलीनच स्ट्रिपमध्ये शिरेल.

*स्ट्रिप तयार ठेवा.* डबीतून स्ट्रिप काढून मशीनमध्ये घाला आणि डबी लगेच बंद करा. थेंबाचं चिन्ह आलं की मशीन थोडा वेळ वाट बघतं आणि मग बंद पडतं, म्हणून कान गरम झाल्यावरच स्ट्रिप घाला.

*टोचा.* कानाच्या मागे कापसाची घडी धरा, नाहीतर सुई आरपार येऊन तुमच्याच बोटात जाईल. एकच, झटकन, ठाम टोचा. भीत भीत टेकवलेली सुई जास्त दुखते. टोचल्यावर एक-दोन सेकंद काही दिसत नाही. मग कानाच्या तळापासून कडेकडे बोट हलकं फिरवा, थेंब फुगायला लागतो. फार दाबून पिळू नका.

*थेंब घ्या.* स्ट्रिपचं टोक थेंबाला नुसतं लावायचं, ती स्वतः ओढून घेते. टोक त्वचेत खुपसलं की तोंड बंद होतं आणि एरर येते. मांजर कान झटकतंय आणि मशीन जवळ नेता येत नाहीये? तर थेंब आपल्या स्वच्छ, कोरड्या अंगठ्याच्या नखावर टिपून घ्या, मांजराला सोडा आणि नखावरच्या थेंबाला स्ट्रिप लावा. ही युक्ती हाताशी असली की निम्मी घाई संपते. मशीन जवळ नेण्याच्या नादात कान ओढला जातो आणि मांजर उठतं, ते टळतं.

*दाबून धरा.* पंधरा-वीस सेकंद कापूस दोन्ही बाजूंनी दाबून ठेवा. गडबडीत सोडलं तर कानावर निळा डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी ती जागा दुखते. मग चिकन.

थेंब आला नाही तरी चिकन द्यायचंच. एका बैठकीत दोनदा टोचून जमलं नाही तर तो दिवस सोडून द्या, मांजर इन्सुलिनवर नसेल तर काही बिघडत नाही. इन्सुलिनवर असेल तर तासाभराने दुसऱ्या कानावर पाहा, आणि तरीही जमलं नाही तर डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

५. आकडा आला, आता काय?

आपल्याकडची मशीन मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवतात. परदेशी माहितीत ५, ८, १५ असे छोटे आकडे दिसले तर ते वेगळ्या मापातले असतात, त्यांना १८ ने गुणा.

ढोबळ मानाने:

- ७० ते १५० च्या आसपास: निरोगी, शांत मांजर इथे असतं.
- १५० ते २५०: एकदा आला तर आधी स्वतःला विचारा, मांजर घाबरलं होतं का? दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा बघा. सलग असंच येत राहिलं तर डॉक्टरांना कळवा.
- २५० च्या वर वारंवार: या पातळीच्या आसपास किडनी साखर अडवू शकत नाही आणि ती लघवीतून जायला लागते. सोबत तहान आणि लघवी वाढली असेल तर उद्यावर ढकलू नका.
- ७० च्या खाली: इन्सुलिन चालू असलेल्या मांजरात हा वाढलेल्या साखरेपेक्षा मोठा धोका. पुढे सविस्तर आहे.

माणसांचं मशीन कमी वाचतं हे लक्षात ठेवून डॉक्टरांनी दिलेले आकडेच शेवटचे माना.

एका आकड्यावर औषध बदलायचं नाही, हे पथ्य कडक पाळा. आज २१० आली म्हणून गोळी अर्धी केली, असं आपल्या मनाने करू नका. अंगाला स्टिरॉइडची सवय झाली की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबली तर मांजर गळून जातं, उलट्या करतं, प्रसंग जिवावर बेततो. ती उतरवायची ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनीच.

शंका राहिलीच तर डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनबद्दल विचारा. ही रक्ततपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे त्या दिवशीच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. नमुना बाहेरगावी पाठवावा लागू शकतो, रिपोर्टला वेळ धरून चाला. कातडीवर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सरही काही जण मांजराला लावतात. त्याची मुदत चौदा दिवसांची असली तरी मांजर तो आधीच काढून टाकण्याची शक्यता धरा.

६. वहीत साखरेशिवाय काय लिहायचं

तारीख, वेळ, आकडा, त्याआधी कधी आणि काय खाल्लं, स्टिरॉइड किती, इन्सुलिन असेल तर किती युनिट, मांजराचा मूड. तपासायची वेळ शक्यतो तीच ठेवा. आम्ही सकाळी खाण्याआधी आणि गोळीआधी घ्यायचो. डॉक्टर कधी संध्याकाळचंही मागतात, कारण सकाळच्या गोळीचा परिणाम दिवस चढल्यावर दिसू शकतो.

आठवड्यातून एकदा वजन. मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम कमी होणं म्हणजे थोडं नाही. भरपूर खाऊनही वजन उतरतंय, तर साखरेचा संशय पहिला.

पाणी मोजणं आपल्या गावात अवघड. पाणी काही दिवसांआड येतं, घरात पिंप, बादल्या, हंडे भरलेले, आणि मांजराला वाटीपेक्षा बादलीतलं पाणी गोड लागतं. सगळ्यावर झाकण ठेवा आणि एकाच भांड्यात मोजून पाणी ठेवा, निदान तपासणीच्या दिवसांत. स्टिरॉइडनेही तहान थोडी वाढते, मे महिन्यात तर सगळ्यांचीच वाढते. पण चार किलोचं मांजर रोज पाव लिटरच्या आसपास पाणी प्यायला लागलं तर डॉक्टरांना सांगाच.

आणि लिटरजवळ मुंग्या दिसल्या तर त्या झाडून टाकण्याआधी वहीत लिहा. मांजराच्या लघवीत साखर उतरली की मुंग्या लागतात. मशीन घरात येण्याआधी ढब्याच्या वाळूच्या टबाभोवतीची काळ्या मुंग्यांची रांग जाऊबाईंनीच दाखवली होती. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालणं हीसुद्धा वाढलेल्या साखरेची खूण आहे. मांजर एरवी चवड्यांवर चालतं, साखरेने नसा दुबळ्या झाल्या की टाच खाली येते.

७. स्टिरॉइड उतरतंय, इन्सुलिन चालू आहे: खरी सावधगिरी इथे

सगळ्यांचं लक्ष साखर वाढण्यावर असतं. मला विचाराल तर घरच्या तपासणीचा सगळ्यात मोठा उपयोग ती उतरताना होतो.

गणित सोपं आहे. स्टिरॉइड होतं म्हणून इन्सुलिन जास्त लागत होतं. आता डॉक्टर स्टिरॉइड पायरीपायरीने कमी करताहेत. इन्सुलिनची गरजही त्याबरोबर कमी होते, पण सिरिंजमधले युनिट आपोआप कमी होत नाहीत. गेल्या आठवड्यात जो डोस बरोबर होता तोच या आठवड्यात जास्त होतो. मांजर बरं होतंय, तोंडाची सूज गेली, खेळतंय, म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकी तेव्हाच साखर पडते.

म्हणून स्टिरॉइडची पायरी बदलली की पुढचे काही दिवस तपासणी वाढवा. इन्सुलिन टोचण्याआधी प्रत्येक वेळी बघा. डॉक्टर सांगतील तेव्हा एक दिवस दर दोन तासांनी, बारा तास आकडे घ्या. त्यातून साखर सगळ्यात खाली कधी आणि किती जाते ते कळतं. ते रविवारी करा, आणि दोन्ही कान आलटून पालटून वापरा. टोचण्याआधीचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली असेल, किंवा मांजराने नीट खाल्लं नसेल, तर इन्सुलिन थांबवून आधी फोन. डोस देताना मांजर हललं आणि औषध आत गेलं की केसांवर सांडलं ते कळलं नाही, तर पुन्हा देऊ नका. एक डोस चुकलेला परवडतो, दुप्पट गेलेला नाही.

खाणं बदलतानाही हेच. दूध-भाकरी, बिस्किटं, कोरडं खाणं बंद करून मांसाहारी ओल्या खाण्यावर आणणं मधुमेही मांजराला चांगलंच. पण त्याने साखर झपाट्याने उतरते. इन्सुलिन चालू असताना एका दिवसात सगळं बदललं तर पंचाईत होते. डॉक्टरांना सांगून, थोडं थोडं बदला.

आणि सिरिंज. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन तीव्रतेचं इन्सुलिन मिळतं आणि दोन्हींच्या सिरिंजही. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. मांजरांना दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन सहसा १०० चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर प्रत्येक रेघेला अडीचपट औषध जातं. मेडिकलमधून पुडी घेतली की तिथेच उघडून टोपणाचा रंग आणि वरचा आकडा बघा.

८. मशीन बाजूला ठेवून निघायची वेळ

साखर पडल्याची लक्षणं: मांजर झोकांड्या खातं, डोळे तारवटलेले, अंग थरथरतं, हाका मारल्या तर लक्ष नाही, शेवटी झटके. लक्षणं दिसत असतील तर आकड्याची वाट बघू नका. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळा. पातळ पाणी घशात ओतू नका, झटके येत असतील तर बोट तोंडात घालू नका, फक्त ओठाच्या आतल्या बाजूला लावा. गिळता येतंय असं दिसलं की खायला द्या, आणि बरं वाटलं तरी दवाखाना गाठाच. इन्सुलिनचा परिणाम मधापेक्षा जास्त वेळ टिकतो. त्या काळात ग्लुकोजचं पाकीट मशीनच्या डब्यातच असू द्या.

दुसऱ्या टोकाला: साखर चढलेली, मांजर खात नाही, उलट्या, मलूल पडलंय, श्वासाला वेगळाच वास. यात रक्तात कीटोन (साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढलेले असू शकतात आणि मग हे घरी निभावणारं दुखणं राहत नाही. मेडिकलमध्ये लघवीतली साखर आणि कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, घरात असू द्याव्यात. पण पट्टी नाही म्हणून थांबू नका. दिवसभर काहीच न खाल्लेलं जाडं मांजर साखर ठीक असली तरी डॉक्टरांना दाखवा, उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठते. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की रात्री अतिदक्षतेची सोय हवी असेल तर पुण्याचा पर्याय डोक्यात ठेवा. पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे, तेव्हा वाट बघण्यात घालवलेला वेळ प्रवासात भरून निघत नाही.

९. बारीकसारीक, पण अडवणारं

उन्हाळा. आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि बहुतेक मशीन चाळिशीच्या आसपास तापमानाची एरर देऊन थांबतात. स्ट्रिप गाडीच्या डिकीत, खिडकीत, फ्रिजवर ठेवू नका. फ्रिजच्या आतही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. खोलीतल्या सगळ्यात गार कपाटात, मूळ डबीत, बुच घट्ट लावून. डबी उघडल्याची तारीख वर लिहा, उघडल्यानंतरची मुदत कंपनीगणिक वेगळी असते.

शेजारीपाजारी. प्रत्येक गल्लीत शुगरचे दोन-चार पेशंट असतातच, त्यामुळे सल्ला फुकट मिळतो. "आमच्या अण्णांची गोळी अर्धी करून द्या की, काय होतंय बे!" माणसांच्या शुगरच्या गोळ्या, कारल्याचा रस, मेथीचं पाणी, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता मांजराच्या तोंडात जाऊ देऊ नका.

तुमच्या स्वतःच्या हाताला खाजेसाठी स्टिरॉइडचं मलम लावलं असेल तर हात धुऊनच मांजराला घ्या. ते चाटतं, आणि तेही स्टिरॉइडच.

वापरलेल्या सुया आणि सिरिंज घंटागाडीच्या कचऱ्यात सुट्या टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हाताला लागतात. फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत साठवा, भरली की झाकण घट्ट लावून दवाखान्यात नेऊन द्या.